आम्ही आठ, वणीत राहतो

हे वाचा बरं: आम्हीआठवणीतराहतो.

‘आम्ही आठवणीत राहतो’ असं वाचलंत? मग बोलणारी नक्कीच भुतं! आता जरा वेगळीकडे तोडा: ‘आम्ही आठ वणीत राहतो.’ आठ जणांचं कुटुंब, मुक्काम वणी, जिल्हा यवतमाळ. अक्षरं तीच, फक्त मोकळी जागा सरकली आणि भुतांची झाली माणसं!

शेजारच्या मारेगावचंही तसंच. ‘दादा मारेगावात मिरवतो’ म्हटलं की दादाचा पत्ता कळतो. ‘दादा मारे गावात मिरवतो’ म्हटलं की दादाचा तोरा!

पण असं चिकटवून लिहितं कोण? अहो, आपले खापरपणजोबाच! मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत सुटायचं. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. पोथ्यांमध्ये एक किंवा दोन उभे दंड असत, तेवढेच काय ते.

मराठीत ही चिन्हं रुजवली मेजर थॉमस कँडी या इंग्रज साहेबांनी. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशासाठी राबलेले तेच हे कँडी. १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांवर चक्क एक पुस्तिकाच काढली.

साहेबाच्या भाषेला या चिन्हांची गरजही मोठी. ‘लेट्स ईट, ग्रँडमा’ म्हणजे ‘आजी, चल जेवू या’. यातला स्वल्पविराम गाळा, की आजीच ताटात! मराठीत मात्र आजी सुखरूप. तिला खायचं तर ‘आजीला’ म्हणावं लागतं, आणि तो ‘ला’ पहारेकऱ्यासारखा तिच्या पाठीशी उभा असतो. मला तर वाटतं, असे प्रत्यय होते म्हणूनच मोडीचं चिन्हांवाचून इतकी वर्षं निभावलं.

आणि चिन्हं तरी सगळीकडे सारखी कुठे आहेत? आपला अर्धविराम ग्रीक भाषेत प्रश्नचिन्ह असतो. म्हणजे ग्रीक आई विचारणार, ‘जेवलास;’ स्पॅनिशमध्ये तर प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक प्रश्नचिन्ह असतं, तेही उलटं!

आता तुमची पाळी: पाटीपुसदगडूदादा. यात दादाला पाटी पुसायला सांगितलंय, की पुसदच्या बाजारातून गडू आणायला? मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नसत, तेव्हा ‘पु’वरून भांडू नका.