मोटार उचलावी कशाने?

मे महिन्याच्या सुट्टीत एके सकाळी आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. अंगणाच्या कडेस पूर्वी नारळ साठविण्याचा जो मांगर होता, त्यात आता त्याची मोटार असते. मोटारीची चारही चाके जमिनीपासून वीतभर उंच होती, चार कोपऱ्यांखाली चार चिरे होते, आणि गाडीच्या पोटाखालून दोन पावले तेवढी बाहेर दिसत होती. "सर, बसा, आलोच," असा आवाज खालून आला. आम्ही बसलो नाही. "आधी बाहेर ये, मग बोलू," असे जरा वर्गातल्या आवाजात सांगितले, तेव्हा तो बाहेर आला आणि हात पुसत हसून म्हणाला, "ह्याच चिऱ्यांवर आमचे घर उभे आहे, सर. मोटारीचे ते काय!"

प्रश्न बिनतोड वाटतो खरा. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. उत्तर तेथल्या तेथे सुचले नाही. शाळा उघडल्यावर विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना गाठले, कागदावर आकडेमोड केली, तेव्हा उलगडा झाला. दहा फूट उंच भिंतीच्या अगदी तळच्या चिऱ्यावर भिंतीच्या स्वतःच्या वजनामुळे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमही भार येत नाही. कारण तो भार चिऱ्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असतो. याउलट हजार किलोग्रॅमची मोटार चार चिऱ्यांवर ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे 250 किलोग्रॅम येतात, आणि तेही पत्र्याच्या एका अरुंद कडेवाटे. ती कड पाच चौरस सेंटिमीटर जागेवर टेकली असे धरले, तरी दर चौरस सेंटिमीटरला 50 किलोग्रॅम होतात. चिरा हा मुळात सच्छिद्र दगड. त्याच्या पोटात कोठे पोकळी आहे, हे वरून कळत नाही; आणि फुटायचा झाला तर तो वाकून सूचना देत नाही, एकदम फुटतो. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची गत याहून वेगळी नाही.

तेव्हा घरच्या घरी मोटारीची कामे करावयाची असतील, तर साधन कोणते घ्यावे, हा प्रश्न उरतो. आजकाल अशी हौस असलेली मुले पुष्कळ आढळतात, आणि ती हौस चांगलीच आहे. म्हणूनच हा विषय घेतला.

प्रथम एक भेद मनात पक्का ठसला पाहिजे. उचलणारे साधन वेगळे आणि उचललेले धरून ठेवणारे साधन वेगळे. जॅक हा उचलणारा. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे विहिरीत उतरताना वरच्या माणसाच्या नुसत्या हाताच्या पकडीवर विसंबण्यासारखे आहे. असे का, हे जॅकची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते.

मोटारीबरोबर जो लहानसा जॅक मिळतो, तो स्क्रूचा. चौकटीच्या चार भुजा आणि मधून गेलेला आडवा स्क्रू. स्क्रू फिरविला की भुजा जवळ येतात आणि माथा वर चढतो. भुजा सपाट असताना तो फिरविणे जड जाते, पुढे हलके होत जाते. ज्याने भर रस्त्यात चाक बदलले आहे, त्यास हा अनुभव असेलच. स्क्रूच्या आट्यांत घर्षण इतके असते की आपल्या श्रमांचा बराच भाग त्यातच जातो. पण त्याच घर्षणामुळे भार असतानाही स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. उणीव आहे ती बुडाच्या आकारात. तळहाताएवढ्या बुडावर उभा राहिलेला हा जॅक गाडी थोडी हलली तरी कलंडतो. वाटेत चाक बदलण्यापुरता तो आहे, असे समजावे.

दुसरा प्रकार तेलाचा. नववी-दहावीच्या मुलांना पास्कलचा नियम ठाऊक असतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली प्रसिद्ध झाला. आणि त्या तत्त्वावर जोसेफ ब्रामा याने 1795 साली इंग्लंडात दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपला जॅक त्याच यंत्राच्या कुळातला. समजा, लहान दट्ट्याचा व्यास 1 सेंटिमीटर आणि मोठ्याचा 3 सेंटिमीटर आहे. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. त्यात दांड्याच्या तरफेने 20 पट फायदा मिळाला, तर एकूण 180 पट होतो. दांड्यावर दहा किलोग्रॅमचा जोर दिला की, घर्षण सोडून, 1800 किलोग्रॅम उचलले जावेत. दहावीतल्या मुलानेही दोन हातांनी हे काम सहज करावे! मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. गाडी 1 सेंटिमीटर वर जाण्यासाठी दांड्याचे टोक एकंदर 180 सेंटिमीटर चालवावे लागते. म्हणून तर दांडा पुनःपुन्हा खालीवर करावा लागतो.

आता मर्म पाहा. हा सर्व भार वर थोपवून धरतो कोण? तेल. आणि तेलाला कोण अडवितो? रबराची एक कडी आणि एक बारीक झडप. कडी झिजली किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला, तर तेल पाझरते आणि गाडी खाली येऊ लागते. कधी मुंगीच्या पावलांनी, कधी एका क्षणात. म्हणून तेलाचा जॅक कितीही महाग असो, त्याच्यावर टेकलेल्या गाडीखाली डोके घालू नये.

तेलाच्या जॅकमध्ये बाटलीच्या आकाराचा उभा जॅक स्वस्त असतो. पण तो मुळातच उंच असल्यामुळे लहान मोटारीच्या खाली पुष्कळदा जातच नाही. जीपसारख्या उंच गाडीला तो बरा. घरच्या कामास आम्ही चाकांचा ट्रॉली जॅक पसंत करू. त्याचे बूड रुंद असते आणि माथा साधारण 13-14 सेंटिमीटरपर्यंत खाली उतरतो. त्याला चाके केवळ ओढून नेण्याच्या सोयीसाठी नसतात. त्याचा हात वर जाताना सरळ रेषेत न जाता कमानीतून जातो; त्यामुळे माथा थोडा पुढेमागे सरकतो, आणि तेवढे अंतर जॅकने स्वतः गडगडून भरून काढावयाचे असते. खाली माती असली आणि चाके रुतली, तर जॅक सरकत नाही आणि माथा गाडीवरून निसटू लागतो. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर तांबडी माती कशी होते, हे काय सांगावयास पाहिजे! तेव्हा जॅक घेण्याआधी जमीन पाहावी. पक्के, सपाट काँक्रीट उत्तम. उतार असेल तेथे हे काम करूच नये.

किती टनी जॅक घ्यावा? लहान हॅचबॅक मोटार 800 ते 1000 किलोग्रॅमची, मोठ्या जीपसारख्या गाड्या दीड-दोन टनांच्या किंवा त्याहूनही जड. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या बाजूस निम्म्याहून अधिक वजन असते. लहान गाडीस दोन टनी, मोठीस तीन टनी जॅक घेतल्यास हात राखून काम होते.

आणि ज्या वस्तूवर लोक पैसे वाचवितात, ती जॅक स्टँडची जोडी प्रथम घ्यावी. लोखंडी तिपाई किंवा चौपाई, मधला दांडा दात्यांवर किंवा आरपार खिळीवर अडकणारा. त्यात तेल नाही, झडप नाही. लोखंडावर लोखंड बसलेले. विकत घेताना लिहिलेला भार एका स्टँडचा आहे की जोडीचा, हे वाचून पाहावे. येथे चांगले चांगले फसतात.

खांबांची लिफ्ट घरी बसवावी काय, असे विचारणारेही भेटतात. दोनखांबी लिफ्टला किमान 10 सेंटिमीटर जाडीचे मजबूत काँक्रीट आणि अकरा-बारा फूट उंच छप्पर लागते. आमचे कौलारू, उतरते मांगर त्यासाठी नव्हेत. जुन्या पद्धतीचा खड्डा खणावा, तर पावसाळ्यात त्यात झरे फुटतात. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट पाहत राहते.

साधने आली, तरी क्रम चुकता उपयोगी नाही. चाक काढावयाचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांच्या पुढेमागे पाचरी ठोकाव्यात. बहुतेक लहान गाड्यांचा हातब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो ब्रेक असून नसल्यासारखा होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जॅक आणि स्टँड कोठे लावावयाचे, ते गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेले असते. विजेवरच्या गाड्यांत तर पोटाखाली बॅटरीची पेटी असते. जॅक तिला टेकविणे सर्वथा वर्ज्य. गाडी स्टँडवर अलगद उतरवावी आणि खाली शिरण्यापूर्वी बाजूने दोन्ही हातांनी चांगली हलवून पाहावी. पडायचीच असेल तर ती तेव्हा पडू दे.

काम झाल्यावर जॅकचा दट्ट्या पूर्ण खाली उतरवून ठेवावा. उघडा राहिलेला दट्ट्या आमच्या दमट हवेत गंजतो, आणि तोच गंज पुढे रबरी कडी कापतो.

ही आकडेमोड आम्ही त्या विद्यार्थ्यास दाखविली. त्याने ती दोनदा तपासली, एका ठिकाणी आमची गुणाकारातली चूकही काढली. गणेशचतुर्थीला पुन्हा गेलो, तेव्हा मांगरात काँक्रीट झाले होते आणि गाडी दोन स्टँडवर होती. ते चार चिरे विहिरीपाशी, त्याच्या आईने कपडे धुण्यासाठी मांडून घेतले होते.