जमिनींतील पाण्याची वाट विजेनें कशी समजते

इगतपुरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्यांतील घोटीच्या आसपासच्या कित्येक विहिरी चैत्र-वैशाखांत तळ दाखवितात. भाताचीं खाचरें पावसाळाभर तुडुंब असतात. मग तें पाणी जातें कोठें? जमीन न खणतां याचें उत्तर शोधण्याचा एक मार्ग विजेच्या मापनाचा आहे. विहीर खोदूं इच्छिणारानें तो समजून घ्यावा, कारण कोरड्या विहिरीचेंहि कर्ज फेडावेंच लागतें.

कोरडी माती व अखंड काळा पाषाण यांतून वीज फार कष्टानें वाहते. मातींत पाणी शिरलें म्हणजे त्यांत विरघळलेल्या क्षारांमुळें तिला वाट मिळते. अमेरिकन शास्त्रज्ञ वेनर यांनीं १९१५ सालीं मांडलेल्या पद्धतींत चार लोखंडी सळया एका रेषेंत, सारख्या अंतरानें ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडावयाचा व आंतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजावयाचा. दाबास प्रवाहानें भागलें कीं रोध निघतो. त्यास सळयांमधील अंतरानें व ६.२८ नें गुणलें म्हणजे जमिनीची रोधकता मिळते. समजा, अंतर २ मीटर, प्रवाह ०.१ अँपिअर व दाब ०.५ व्होल्ट आहे. तर रोध ५ ओम व रोधकता सुमारें ६३ ओम-मीटर झाली. सळया जसजशा दूर ठोकाव्या, तसतसा खोल थरांचा वाटा मापांत वाढतो.

आपल्याकडे मातीखालीं मुरूम व त्याखालीं बेसाल्ट खडक असतो. झिजलेला, भेगाळ व ओला खडक कमी रोधकता दाखवितो; अभंग खडक पुष्कळ अधिक. परंतु चिकण मातीहि वीज सहज वाहूं देते, आणि विहिरीस मात्र पाणी सोडीत नाहीं. केवळ आकडा लहान आला म्हणून जागा ठरविणारा मनुष्य व हातावर नारळ धरून फिरणारा पाणाड्या यांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. शेजारच्या विहिरींतील थर पाहूनच आकड्याचा अर्थ लावावा.

पाण्याची हालचाल कळण्यास एक माप पुरत नाहीं. खुणेचे खुंट ठेवून त्याच जागीं मृगापूर्वीं, श्रावणांत, भातकापणीनंतर व शिमग्याच्या सुमारास मापें घ्यावीं. माती व खडक तेच राहतात. म्हणून फरक बहुतेक ओलाव्याचा. (उष्णता एक अंश वाढली कीं वीज सुमारें दोन टक्के अधिक वाहते, तेवढी वजावट करावी.) पावसानंतर जवळच्या सळयांचें माप उतरलें व दूरच्यांचें जागचें हाललें नाहीं, तर चिखलणीनें घट्ट झालेल्या थराखालीं पाणी मुरलें नाहीं असें समजावें, तें बांधावरून ओहोळांत व पुढें दारणेंत गेलें. १९१६ सालीं पुऱ्या झालेल्या दारणा धरणाचें पाणी गोदावरीच्या कालव्यांवाटे कोपरगांवाकडील शेतांस मिळतें! उतारावरचा मुरूम हिवाळ्यांत सुकला व पायथ्याचा ओला राहिला, तर पाणी खडकावरून खालीं सरकलें. विहिरीचा विचार पायथ्याशीं करावा.

भातामागून हरभरा घेणारास याहून सोपें साधन आहे. बूयूकोस व मिक यांनीं १९४० सालीं जिप्समची लहान वडी प्रसिद्ध केली. तिच्यांत दोन तारा बसविलेल्या असतात. मुळांच्या खोलीवर ती पुरली कीं भोवतालच्या मातीबरोबर ओली होते व सुकते. ओली असतां रोध शेंकडों ओम, सुकल्यावर हजारों. त्यावरून पाणी केव्हां द्यावें हें ठरतें. भरल्या खाचरांत मात्र ती पुरूं नये. तेथें ती लवकर विरघळते, आणि तेथें पाणी आहे हें सांगण्यास यंत्र लागत नाहीं.