ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट

बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उत्तर प्रदेशातल्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणाऱ्या यमुना एक्सप्रेसवेलगत आहे. ५.१२५ किलोमीटर लांबीच्या आणि १६ वळणांच्या या ट्रॅकला जिल्ह्यावरूनच नाव मिळाले. फॉर्म्युला वनची शर्यत भारतात फक्त इथेच झाली, तीही तीनदा: २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये.

भारतातल्या मोटार शर्यतींचे माहेर खरे तर दक्षिणेत. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर अनेक वर्षे गाड्या पळाल्या. पुढे इरुंगट्टुकोट्टई आणि कोइंबतूर इथे खास शर्यतींसाठी ट्रॅक बांधले गेले. दिल्लीच्या बाजूला असे काहीच नव्हते. २००७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, पुण्याचे सुरेश कलमाडी आणि फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांच्यात दिल्लीतल्या शर्यतीबाबत प्राथमिक समझोता झाला. ट्रॅक बांधायचे काम जेपी समूहाने घेतले. यमुना एक्सप्रेसवेही तेव्हा याच समूहाचा होता. रस्ता, त्याच्या कडेची नवी वसाहत आणि तिच्या मधोमध ट्रॅक, असा तो एकत्रित बेत होता. एक्सप्रेसवेच्या पट्ट्यातल्या भूसंपादनावरून शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. मे २०११ मध्ये जवळच्या भट्टा पारसौलला पोलीस आणि गावकरी यांच्यातल्या संघर्षात माणसे दगावली. या ट्रॅकची हकिगत सांगताना ही बाजू वगळता येणार नाही.

आराखडा जर्मन वास्तुविशारद हेरमान टिल्के यांचा. मलेशियातले सेपांग आणि चीनमधले शांघाय हे ट्रॅकही त्यांनीच आखले. गंगा-यमुनेच्या दुआबातली ही जमीन मुळात सपाट. शर्यतीला चढउतार हवेत म्हणून मातीचे भराव घालून ते मुद्दाम घडवले गेले. तिसऱ्या वळणाकडे जाणारा चढ चांगलाच जाणवतो. ते वळण संपले की किलोमीटरभराचा सरळ पट्टा येतो आणि त्यावर फॉर्म्युला वनच्या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जात. त्याच्या शेवटी एकदम ब्रेक मारावा लागतो, आणि पुढच्या गाडीला मागे टाकायची उत्तम संधी तिथेच मिळते. दहाव्या-अकराव्या वळणांचा लांबलचक वळसा चालकाच्या मानेची परीक्षा घेतो. अमेरिकेतला स्पीडवे याहून अगदी वेगळा. फ्लोरिडातला १९५९ साली सुरू झालेला डेटोना चार किलोमीटरचा असून त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. तिथे बाजारात मिळणाऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कार जवळजवळ एका वेगाने घोंगावत फिरतात. बुद्ध सर्किटवर मात्र वेग सतत तोडावा आणि पुन्हा जोडावा लागतो.

१८ ऑक्टोबर २०११ रोजी सर्किटचे उद्घाटन झाले. शर्यतीआधीच्या शुक्रवारच्या पहिल्याच सरावात एक कुत्रा ट्रॅकवर शिरला आणि सराव थांबवावा लागला. ३० ऑक्टोबरची शर्यत मात्र नीट पार पडली. ६० फेऱ्यांची ही शर्यत पाहायला सुमारे ९५ हजार प्रेक्षक आले होते. शर्यतीआधी त्याच महिन्यात अपघातात गेलेले शर्यतपटू डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोनचेल्ली यांच्यासाठी स्तब्धता पाळण्यात आली. रेड बुलचा सेबॅस्टियन फेटेल पोल पोझिशनवरून सुटला तो शेवटपर्यंत पुढेच राहिला आणि सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच ठरली. चौकडीचा झेंडा सचिन तेंडुलकरने हलवला, विजेत्याला करंडक मुख्यमंत्री मायावती यांनी दिला. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन सतरावा आला. घरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत धावलेला तो एकमेव भारतीय.

२०१२ मध्येही फेटेलच जिंकला. २०१३ मध्ये तिसऱ्यांदा जिंकून त्याने इथेच सलग चौथे जागतिक विजेतेपद निश्चित केले. त्या आनंदात त्याने मुख्य सरळ पट्ट्यावर गाडी गरागरा फिरवली, खाली उतरून तिच्यापुढे गुडघे टेकले आणि प्रेक्षकांच्या जाळीपर्यंत धावला. नियमभंगाबद्दल संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. या ट्रॅकच्या इतिहासातला सर्वांत जिवंत क्षण हाच.

त्यानंतर फॉर्म्युला वन परतली नाही. उत्तर प्रदेश सरकार शर्यतीला खेळ न मानता करमणूक मानत होते. तिकिटांवरच्या करमाफीचा वाद पहिल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेला. पाहुण्या संघांच्या सामानावरील सीमाशुल्क आणि उत्पन्नावरील कर हे प्रश्न तर होतेच. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शर्यतीच्या दिवसांत हे सर्किट म्हणजे फॉर्म्युला वन कंपनीचे भारतातले कायम ठाणे होते, म्हणून तिला इथे कर लागू होतो. तोवर शर्यत बंद पडून साडेतीन वर्षे झाली होती. ट्रॅकमध्ये खोट नव्हती. उणीव होती ती सरकारी धोरणात आणि आयोजकांच्या तिजोरीत.

फॉर्म्युला वन गेली तरी ट्रॅक ओस पडला नाही. मार्च २०१४ मध्ये टाटा मोटर्सने इथे प्राइमा ट्रकांची शर्यत सुरू केली. स्टॉक कारच्या कल्पनेला या भूमीवर सर्वांत जवळ जाणारा प्रकार हाच, कारण रोज मालवाहतूक करणाऱ्या ट्रकांना बदल करून शर्यतीला उतरवले होते. आधी परदेशी चालक होते, २०१६ मध्ये भारतीय ट्रकचालकांनाही स्टीअरिंग मिळाले. जेके टायरच्या राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्याही इथे झाल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारसायकलींची मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली ती याच ट्रॅकवर. उकाडा इतका की मुख्य शर्यत २१ फेऱ्यांवर आणावी लागली. इटलीचा मार्को बेझेच्ची जिंकला. पुढच्या वर्षी ती झाली नाही.

दरम्यान जमिनीचा वाद चिघळला. जेपी समूहाच्या थकबाकीमुळे यमुना एक्सप्रेसवे औद्योगिक विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये सर्किटसह सुमारे एक हजार हेक्टरांचे वाटप रद्द केले. जून २०२४ मध्ये याच समूहाच्या जयप्रकाश असोसिएट्सवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने वाटप रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला.