कमरेला बांधलेलं खातं

शूटिंगमध्ये क्लॅप देणाऱ्या पोराच्या कमरेला एक काळा पाऊच असतो. त्यातून एक मार्कर डोकावत असतो आणि त्या मार्करच्या बुडाला मेकअपचा पावडर पफ टेपनं चिकटवलेला असतो. नवख्या माणसाला वाटतं, हिरॉइनचा पफ याच्याकडे कसा? पण टेक दोन संपून टेक तीन लागला, की त्याच पफनं पाटीवरचा आकडा पुसायचा, मार्कर बोटांतल्या बोटांत उलटा करायचा आणि नवा आकडा टाकायचा. फडकं शोधायला नको. मार्कर ठेवतानाही टोपण खाली करून ठेवतात. उलटा ठेवला तर शाई मागे उतरते आणि ऐन टेकच्या वेळी पाटीवर फिकट रेघ उमटते.

हत्यारांचा पट्टा मुळात सुतारांचा, वायरमनचा. सिनेमानं तो आपलासा केला, पण त्याला अशा काही अटी घातल्या, ज्यांचा सुताराला कधी विचारही करावा लागला नव्हता. पाऊच वाजता कामा नये, चमकता कामा नये आणि चालता-वाकताना कशाला धडकता कामा नये. दुकानात पाऊच निवडणारे बहुतेक जण मात्र आधी खण मोजतात. बारा खणांचा पाऊच सहा खणांच्या पाऊचपेक्षा चांगला, असा एक समज आहे. आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : तुमचं खातं कोणतं?

कॅमेरा खात्यापासून सुरुवात करू. फोकस जुळवणाऱ्या असिस्टंटचा, म्हणजे फोकस पुलरचा, जुना सोबती म्हणजे मेझर टेप. सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या अंगावर एक खूण असते, वर्तुळातून आरपार गेलेली उभी रेघ. आत फिल्म किंवा सेन्सर नेमका कुठे आहे, ते ही खूण सांगते. अंतर मोजायचं ते लेन्सच्या तोंडापासून नाही, या खुणेपासून. म्हणून अनेक कॅमेऱ्यांवर तिथेच टेप अडकवायला छोटा हूक दिलेला असतो. टेप थेट नटाच्या डोळ्यापर्यंत न्यावा लागतो. त्यामुळे काही फोकस पुलर पोलादी पात्याऐवजी कापडी टेप पसंत करतात. पातं सटकून डोळ्याला लागलं तर पुढचं शूटिंग विसरा. आता वायरलेस फोकस आला, अंतर मोजणारी यंत्रं आली आणि फोकस पुलर मॉनिटरसमोर बसून काम करू लागला. त्याचा पाऊच हलका झाला. लेन्स पुसायचे टिश्यू, हवा मारायचा रबरी फुगा, बारीक टॉर्च, एवढ्यात बहुधा भागतं.

भार वाढला तो दुसऱ्या कॅमेरा असिस्टंटचा. नट कुठे थांबणार, ती जागा जमिनीवर टी आकारात टेप लावून दाखवायची असते आणि प्रत्येक नटाचा रंग वेगळा : बाईंचा लाल, साहेबांचा निळा, मुलाचा पिवळा. एका सीनमध्ये पाच माणसं असली तर पाच रंगांचे टेप हाताशी हवेत. हे रोल पाऊचमध्ये कोंबले तर बाकी कशाला जागाच उरत नाही. म्हणून ते एका दोरीत ओवून, कड्यानं पट्ट्याच्या बाहेर लटकवतात. तेव्हा कॅमेरा असिस्टंटनं पाऊच घेताना आतले खण मोजण्याआधी बाहेरची कडी पाहावी. कडी शिवणीतून उसवली, की पाचही रोल घरंगळत फ्रेममध्ये.

स्क्रूंचा कप्पा मात्र लहान आणि झाकणाचा हवा. कॅमेऱ्याच्या दुनियेत दोन स्क्रू राज्य करतात. एक पाव इंच जाडीचा, इंचाला २० आटे असलेला. दुसरा तीन अष्टमांश इंचाचा, इंचाला १६ आट्यांचा. आपल्याकडे सगळा कारभार मेट्रिक झाला, तरी ट्रायपॉड आणि कॅमेरा अजून इंचातच जोडले जातात. त्यात जर्मनीच्या ॲरी कंपनीचं सामान मिलिमीटरच्या ॲलन कीनं उघडतं आणि अमेरिकी जोडसामानाला अनेकदा इंचाची लागते. म्हणून दोन्ही संच ठेवावे लागतात. ते वेगळ्या रंगाच्या टेपनं ओळखता येतील असे ठेवावेत, नाहीतर अंधारात जवळपासच्या मापाची की बसते, फिरते आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकते.

लाइटचं खातं निराळंच. तिथे पाऊचमध्ये काय आहे, यावर जीव अवलंबून असतो. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची आणि सेटवर जनरेटरवरून तीन फेज येतात. पकड, पेचकस, टेस्टर यांच्या मुठी नुसत्या रबरी दिसून चालत नाहीत, १००० व्होल्टपर्यंत चाचणी झाल्याचा शिक्का त्यांच्यावर हवा. कॅमेरा असिस्टंटचा पोलादी टेप इथे पाऊचमध्ये नकोच. उघड्या डीबीपाशी, म्हणजे वीज वाटणाऱ्या बोर्डापाशी, वाकताना त्याचं पातं बाहेर सरकलं तर काय होईल, हे कुठल्याही लाइटमन दादाला विचारा.

या पाऊचमधली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. दिव्याच्या दारांवर रंगीत जेल अडकवायला तो लागतो. प्लॅस्टिकचा चिमटा टंगस्टन दिव्याच्या धगीनं वितळतो आणि लोखंडी चिमटा हात भाजतो. लाकूड दोन्हीत टिकतं. अमेरिकेतल्या सेटवर या चिमट्याला सी-४७ म्हणतात. हे नाव कुठून आलं, याच्या इतक्या कहाण्या आहेत की कोणतीही खरी मानू नये. एलईडी दिव्यांनी धग कमी केली, पण चिमटे काही गेले नाहीत. ते पाऊचच्या आत नाही, काठावर लावायचे असतात. म्हणून लाइटवाल्यानं पाऊच घेताना त्याचा काठ कडक आणि उभा राहणारा आहे ना, हे आधी बघावं. लिबलिबीत तोंडाच्या पाऊचमध्ये हात घालायलाच दुसरा हात लागतो. एसटीच्या कंडक्टरची चामडी पिशवी आठवा. तोंड सदा उघडं, नजर प्रवाशावर आणि बोटं नेमक्या नाण्यावर. सेटवरचा पाऊच तसा चालायला हवा.

आता आवाजाकडे येऊ. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात, ‘अयोध्येचा राजा’च्या (१९३२) वेळी, नटांचे संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित होत आणि सेटवर शांतता सक्तीची असे. पुढे मुंबईत संवाद नंतर स्टुडिओत डब करण्याची रीत पडली आणि सेटवर बडबड, ठोकाठोक, सगळं चालू लागलं. २००१ साली ‘लगान’ आणि ‘दिल चाहता है’ या दोन चित्रपटांनी जागच्या जागी आवाज घेण्याची पद्धत पुन्हा चर्चेत आणली. दोन्हींचं ध्वनिमुद्रण नकुल कामटे यांचं. तेव्हापासून सेटवरच्या प्रत्येक खुळखुळ्या वस्तूवर साउंडवाल्यांची नजर असते आणि त्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे वेल्क्रो.

जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरला १९४१ मध्ये कुत्र्यासोबत रानात फिरताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी बोंडं दिसली आणि त्यातून वेल्क्रो जन्माला आलं. चप्पल-बुटांना, लहान मुलांच्या दप्तरांना ते झकास. पण टेक चालू असताना पाऊचचं झाकण कुणी ‘खर्रर्र’ करून उघडलं, तर सारा सेट वळून बघतो. म्हणून झाकणाला वेल्क्रो असलेला पाऊच दुकानातच परत ठेवावा. बटण किंवा अडकवायची पट्टी असेल तर चालतं आणि झाकणच नसेल तर उत्तम. आधीच घेऊन बसला असाल, तर वेल्क्रोच्या मऊ बाजूवर टेप मारून ते मुकं करा. सुट्या किल्ल्या आणि कड्यांनाही टेप गुंडाळावा लागतो.

रंग काळाच हवा, त्यात वाद नाही. गाडीच्या काचेत, कपाटाच्या आरशात, हिरोच्या गॉगलमध्ये कॅमेऱ्यामागचं सगळं दिसत असतं. पाऊचच्या पितळी बकलावर दिवा पडला, तर तो ठिपका नंतर एडिटिंगच्या टेबलावर सापडतो. चकचकीत बकल असलं तर त्यालाही काळा टेप.

कापडाबाबत मुंबईचा पावसाळा निर्णय देतो. चामड्याचा पाऊच देखणा असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण गोरेगावच्या चित्रनगरीत जुलैमध्ये चार दिवस भिजला, की त्याच्यावर बुरशी आलीच. जाड नायलॉन वाळतं. या कापडावर ५०० किंवा १००० डेनियर असा आकडा असतो. हजार डेनियर म्हणजे त्या धाग्याचे नऊ किलोमीटर वजनाला एक किलो भरतात, पाचशे म्हणजे अर्धा किलो. रोज घासटणाऱ्या पाऊचला हजारचं घ्यावं. बुडाशी पाणी निथळायला भोकं असली तर सोन्याहून पिवळं.

पाऊचमध्ये मल्टी-टूल जवळजवळ प्रत्येकाकडे असतं. टिम लेदरमन हा अमेरिकी इंजिनिअर १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बिघडायची आणि खिशातल्या चाकूला पकड नसल्याची चुटपुट लागायची. त्याचं पहिलं टूल १९८३ मध्ये बाजारात आलं. या टूलला पाऊचमध्ये स्वतंत्र, घट्ट खण हवा. लेह-लडाखच्या आउटडोअरला निघताना मात्र ते आठवणीनं चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर विमानतळावरच त्याचा निरोप घ्यावा लागतो.

वर चढणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. स्टुडिओच्या छताजवळ, २० फुटांवरून सुटलेली पकड खाली येईपर्यंत ताशी जवळपास ४० किलोमीटरचा वेग घेते आणि खाली कुणाचं तरी डोकं असतं. वर जाताना पाऊच रिकामा करून, लागेल तेवढंच हत्यार पट्ट्याला दोरीनं बांधून न्यायचं. ज्या पाऊचला दोरी बांधायला शिवलेली कडी नाही, तो या कामाचा नाही.

मुंबईच्या फिल्मी रीतीत कॅमेरा, दिवे, ट्रॉली हे सगळं भाड्यानं येतं आणि बरोबर त्यांचे अटेंडंटही येतात. त्यांच्या पेटीत बहुतेक हत्यारं असतातच. म्हणून इथे भला थोरला पाऊच मिरवण्याची गरज परदेशातल्यापेक्षा कमी आहे. अंधेरीतल्या वन बीएचके फ्लॅटमध्ये वीस माणसं दाटीवाटीनं उभी असताना मोठा पाऊच दाराच्या चौकटीला, फुलदाणीला, कधी थेट लेन्सला धडकतो. पेटीतून आणता येतं ते पेटीतच राहू द्यावं. पाऊचमध्ये तेवढंच असावं, जे मागितल्याबरोबर द्यावं लागतं.

परदेशी ब्रँडचे पाऊच महाग पडत असतील तर नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानांत वायरमनचे साधे पाऊच मिळतात आणि नमुना दाखवून धारावीत बॅगा शिवणाऱ्याकडून करून घेण्याचाही मार्ग आहे. कुठूनही घ्या, पण जाताना स्वतःची हत्यारं घेऊन जा. ती पाऊचमध्ये भरा, पट्टा बांधा, उकिडवे बसा, स्टुलावर बसा, चार पावलं पळा. मग डोळे मिटून मार्कर काढून बघा. काही वाजलं, टोचलं किंवा मार्कर सापडला नाही, तर दुकानदाराला दुसरा पाऊच दाखवायला सांगा.