पंख्याला धूळ का चिकटते?

दिवाळीच्या साफसफाईत छताचा पंखा पुसताना तुम्ही पाहिले असेल, की मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेणाऱ्या पात्यांवरही धुळीचा जाड थर बसतो आणि तो पात्याच्या पुढच्या, हवा कापणाऱ्या कडेवर सर्वांत दाट असतो. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूवरून धूळ झटकली का जात नाही?

पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती स्थिरच म्हणावयाची. पृष्ठभागापासून दूर जावे तसा हा सापेक्ष वेग वाढत जातो. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. ही कल्पना लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मांडली. धुळीचा बारीक कण या थरात दडला, की वारा त्याला नीट ढकलू शकत नाही. शिवाय कणाची त्रिज्या निम्मी झाली तर त्याचे वस्तुमान आठपट घटते, चिकटून राहण्याचे बल मात्र साधारण निम्मेच होते. म्हणून कण जितका बारीक तितका तो हट्टी!

आता घरातील व्हिडिओ गेमच्या पेटीकडे वळू. २०१३ साली आलेले प्लेस्टेशन ४ हे यंत्र खेळ चालू असताना सुमारे १५० वॅट वीज घेते, आणि या विजेची जवळजवळ सर्वच उष्णता होते. ती बाहेर नेण्याचे काम आतला छोटा पंखा करतो. आत शिरलेली हवा १५ अंशांनी तापून बाहेर पडावी असे धरले, तर सेकंदाला सुमारे ९ लिटर हवा खेळती राहावयास हवी. धुळीने हा प्रवाह निम्मा झाला, की हवा ३० अंशांनी तापते. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल तर बाहेर पडणारी हवा ५२ अंशांची, म्हणजे निभावण्यासारखी. पण मे महिन्यात आपल्या वर्ध्यात बाहेर ४५ आणि खोलीत ४० अंश असताना तीच हवा ७० अंशांवर जाते, आणि आतली चिप त्याहूनही तप्त असते. अशा यंत्रांना भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंतच चालते असे निर्माते सांगतात. मग पंखा आधी घरघरतो आणि पुढे यंत्र स्वतःहून बंद पडते. पुष्कळजण ते बिघडले असे समजून दुरुस्तीला नेतात.

हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावी आणखी एक अडचण असते. हवेतले कापसाचे तंतू ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या फटींत अडकून जाळी विणतात आणि त्या जाळीत धूळ साठते. तंतूंमध्ये कोंडलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने पत्र्यांवर जणू दुलईच पांघरली जाते.

सफाई करताना प्रथम यंत्राची वायर भिंतीवरील सॉकेटमधून काढावी व यंत्र निवू द्यावे. बाहेरच्या फटींवरून मऊ, कोरडा कुंचला फिरवावा. फुंकर मारू नये. तिच्यात बाष्प असते. पेटी उघडावयाची असेल तर जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे. विद्युत्पुरवठ्याचा भाग मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील धारित्रांत काही काळ विद्युत्भार राहतो.

पंख्यावर हवेचा झोत मारताना पाते काडीने अडवून धरावे. मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब करतो. त्यातच त्याच्या चुंबकांमुळे वेटोळ्यांत विद्युत्दाब निर्माण होतो, म्हणजे पंखा डायनामो बनतो. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच.

यंत्र कूलरसमोर ठेवण्याचा मोह आवरावा. थंड हवा चांगली, पण तिच्यासोबत उडणाऱ्या तुषारांतील क्षार आत साचतात. कूलरने खोली थंड करावी व यंत्र बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. सफाईपूर्वी आणि सफाईनंतर तोच खेळ अर्धा तास चालवून खोलीचे व बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजावे आणि पंख्याच्या आवाजाचीही नोंद ठेवावी, कारण तापमानातला फरक तितकाच राहून केवळ आवाज कमी झाला, असेही घडू शकते.