सुटीतील निरीक्षण आणि वर्गातील पाठ

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली म्हणजे पहिल्या आठवड्यात 'मी सुटी कशी घालविली' या विषयावर निबंध लिहून घेण्याचा प्रघात आहे. मुले मामाच्या गावी गेल्याची चार ठरावीक वाक्ये लिहितात, शिक्षक शुद्धलेखन तपासतात आणि सुटीचा विषय तेथेच संपतो. ज्याने सुटीभर गुरे राखली, करवंदांसाठी डोंगर पालथा घातला किंवा पाठीस भोपळा बांधून विहिरीत पोहणे साधले, त्याला आपल्यापाशी सांगण्याजोगे काही आहे असे वाटतच नाही. ही मोठी हानी होय.

या बाबतीतील माझाच एक दोष येथे नमूद करतो. नोकरीच्या आरंभी एका वाडीवरील शाळेत चौथीच्या वर्गास शिकविताना मी म्हणालो, "दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो." तोच मागे बसलेला एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, रोज नाही येत. सुटीत मेंढरं राखताना दोन-तीन दिवसच काठीची सावली गडप झाली. आता ती दुसऱ्या अंगाला पडते." वर्ग हसला. मीही त्यास खाली बसविले. रात्री भूगोलाचे पुस्तक उघडले, तेव्हा मुलगा बरोबर व मी चूक, हे ध्यानात आले. परंतु दुसऱ्या दिवशी ते वर्गापुढे कबूल करण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या मुलाने पुढे वर्षभर आपणहून हात वर केला नाही.

वस्तुस्थिती अशी की, सूर्य बरोबर माथ्यावर येणे कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात वर्षातून दोनदाच घडते. महाराष्ट्रात पहिला योग मे महिन्यात येतो. कोल्हापूरकडे तो आधी, पुण्यास महिन्याच्या मध्यास व नागपूरकडे अखेरच्या आठवड्यात. दुसरा योग पावसाळ्यात येत असल्याने ढगांमुळे बहुधा दिसत नाही. मधल्या काळात सूर्य मध्यान्ही माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. म्हणून छाया दक्षिणेकडे पडते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याचा हा परिणाम होय. पहिला योग नेमका सुटीत येतो, आणि त्याचा साक्षी रानातील मुलगा असतो, शिक्षक नव्हे.

शिक्षकांनी हा पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा :

१. शाळा उघडल्यावर पहिल्याच उघडिपीच्या दिवशी अंगणात १ मीटर लांबीची काठी ओळंबा लावून उभी करावी. साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर १० मिनिटांनी छायेच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड छाया ती मध्यान्हीची.

२. पश्चिम महाराष्ट्रात ही वेळ घड्याळात साडेबाराच्या सुमारास येते, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरली आहे. 'बारा' का नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे.

३. छायेची लांबी मुलांनी मोजावी. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या मध्यास ती ८-९ सेंटिमीटर भरते. २२ डिसेंबरच्या सुमारास जवळजवळ काठीइतकी होते. दरमहा मोजमाप करून नोंदवहीत आलेख काढावा. यात भूगोल व गणित दोन्ही साधतात.

४. निबंधाऐवजी 'सुटीत मी पाहिलेली एक गोष्ट' सांगावयास लावावे, आणि आरंभ गुरे राखणाऱ्या मुलांपासून करावा.

५. सुटी लागण्यापूर्वी, मोठ्या माणसाशिवाय विहिरीत वा बंधाऱ्यात उतरू नये, ही सूचना प्रत्येक वर्गात अवश्य द्यावी.

ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे 'कुरणशाळा' चालविल्या, त्या गुरे राखणाऱ्या मुलांपाशी शिक्षण नेण्यासाठीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे शिकण्यास स्थान दिलेले आहे. परंतु कायद्याने वर्ग बदलत नाही. तो शिक्षकाच्या एका वाक्याने बदलतो.

"तुझे बरोबर आहे, माझे चुकले," हे ते वाक्य. मी ते त्या वेळी उच्चारले नाही. आपल्या वर्गात तशी वेळ आली, तर शिक्षकबंधुभगिनींनी ते अवश्य उच्चारावे.