प्रेमाच्या आड काय येते?



आमच्या शाळेत मराठीचे एक गुरुजी होते. शिकवायचे फार चांगले. पण पुस्तकात प्रेमाची कविता आली, की चष्मा पुसत म्हणायचे, "ही तुम्ही घरी वाचा." आम्ही हसायचो. पुढे मी स्वतः कॉलेजात शिकवू लागलो आणि लक्षात आले, की मीही तेच करतो. फक्त जरा सुधारून. वृत्त सांगतो, अलंकार सांगतो, कवीचा काळ सांगतो, तोवर घंटा होते! एकदा अशाच तासाला एसटीने रोज ये-जा करणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर, ते सगळं समजलं. पण या दोघांच्या आड आलं काय?" मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो उद्या काही उगवला नाही. पुढच्या वर्षी ती मुलगीही कॉलेजात आली नाही. तिचे लग्न झाल्याचे कळले.

तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. प्रेमावर लिहिणाऱ्या लेखकांतला फरक ओळखायला याहून सोपी खूण मला सापडलेली नाही. प्रेम गोड असते, हे सगळेच सांगतात. त्याच्या आड कोण उभे आहे, हे ज्याचे त्याचे निराळे.

अगदी जुन्यापासून सुरुवात करू. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे 700 गाथांचा संग्रह. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली तो मराठी वाचकांपुढे ठेवला. त्यात राजवाडा थोडा आणि गाव फार. शेत आहे, गोदावरी आहे, घरची-दारची माणसे आहेत. इथे प्रेमाच्या आड येते ते अंतर. नवरा परमुलखात गेलेला. पावसाळा लागला, की वाटा बंद. म्हणून तो त्याआधी परतायला हवा. आभाळात पहिला ढग दिसला, की शेतकऱ्याला पेरणी आठवते. या गाथांतल्या बाईला वाटेवरचा माणूस आठवतो. ती हे उघड बोलत नाही, सूचनेने बोलते. पण प्रेम म्हणजे काही पाप, असे तिला वाटत नाही.

आता पेशवाईच्या उत्तरकाळात येऊ. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर हे शाहीर लावणी रचत होते. तिथेही कित्येकदा नवरा दूरच असतो. तो स्वारीवर, मोहिमेवर गेलेला. म्हणजे आड येणारी वस्तू तीच, अंतर. पण गाथेतली कुजबूज आता ढोलकीवर चढली, फडात आली. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. लावणीत बोलते ती बाई, पण रचणारा पुरुष. समोर बसून दाद देणारेही बहुतेक पुरुषच. बाईच्या मनातले म्हणून जे आपण ऐकतो, ते पुरुषाला तिच्या तोंडून ऐकायला आवडणारे असते.

मग बाई स्वतः काय म्हणत होती? ते ऐकायचे तर फडातून उठून पहाटेच्या जात्यापाशी जायला हवे. हेमा रायरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. माझी आजीही दळताना गायची. तिच्या ओव्यांत भाऊ यायचा, आई यायची, लेक यायचे, पंढरीचा विठ्ठल यायचा. आजोबा फार क्वचित, आणि नावाने तर कधीच नाही. तिचे त्यांच्यावर प्रेम नव्हते काय? होते की! पण तिथे आड घरच होते. पलीकडच्या खोलीत सासू निजलेली, ओसरीवर दीर. तेव्हा प्रेमाने आडवाट धरली. ते कुंकवाच्या नावाने बोलले, चुड्याच्या नावाने बोलले. मोकळेपणाने बोलायचे ते भावाविषयी, कारण त्याला जवळचा म्हणायला कुणाची चोरी नव्हती.

विसाव्या शतकात माणूस "मी" म्हणून प्रेम करू लागला. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. त्यातले माधव ज्यूलियन फारसीचे विद्वान. गझल मराठीत आणली ती त्यांनी. त्यांचे 'विरहतरंग' हे खंडकाव्य 1926 सालचे. इथे आड येतो तो समाज. आता कवी नुसता झुरत नाही, जाब विचारतो. हे मोठेच धाडस होते. मात्र मला वाटते, त्यांच्या कवितेत प्रियकराचे दुःख इतके मोठे होते, की समोरची ती जरा धूसर राहते. आणि गंमत पाहा, 'प्रेमस्वरूप आई' लिहिणारे कवी तेच. ही कविता आपल्याला पाठ असते. 'विरहतरंग' मात्र आपण "घरी वाचा" म्हणून बाजूला ठेवतो.

याच्या अगदी उलट लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि नवराबायकोची ताटातूट झाली. आड आला तो धर्म, आणि धर्माभोवती जमलेली माणसे. काही वर्षांनी त्या पतीकडे परत गेल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त हे सगळे आहे. पण प्रेमाची व्याख्या शोधायला जाल तर हाती लागेल संसारातले भांडण, नवऱ्याचा विसरभोळेपणा आणि भरपूर हसू. माझ्या आजीला नवऱ्याचे नाव उच्चारता येत नव्हते. लक्ष्मीबाई लिहितात सरळ "टिळक". एवढ्या एका शब्दात बाईने केवढी मजल मारली आहे!

शेवटी इंदिरा संत. पती ना. मा. संत आणि त्यांचा मिळून 'सहवास' हा कवितासंग्रह 1940 साली निघाला. 1946 साली संत वारले. आता आड आला तो मृत्यू. वाट संपते, समाजाशी भांडता येते. मृत्यूशी काय करायचे? इंदिराबाई आक्रोश करीत नाहीत. 1955 सालच्या 'मेंदी'त पाऊस, संध्याकाळ, घरातल्या साध्या वस्तू येतात, आणि नसलेला माणूस त्यांतून असल्यासारखा वाटतो. गाथेतल्या बाईने पाऊस पाहिला तो कुणी येणार म्हणून. इंदिराबाईंनी पाहिला तो कुणी येणार नाही हे ठाऊक असून. मराठी प्रेमकवितेची दोन टोके मला या दोन पावसांत दिसतात. बेळगावात या बाई शिक्षकांनाच शिकवीत होत्या, हे शिक्षकबंधुभगिनींना मुद्दाम सांगतो.

तेव्हा प्रेमाची कविता आली, की पान उलटू नका. दोन लेखक शेजारी ठेवा आणि मुलांना तीन गोष्टी विचारा: बोलते कोण, कुणाशी, आणि आड काय आले? मुले आधी अंतर म्हणतील, घर म्हणतील. मग कुणीतरी हळूच जात म्हणेल, हुंडा म्हणेल. तिथे घाबरू नका. सिनेमा आणि मोबाइल त्यांना प्रेम दाखवतात, पण त्याच्या आड जे येते त्याचे नाव घेऊन विचार करायला शिकवीत नाहीत. ते वर्गात व्हायला हवे, आणि वेळेवर व्हायला हवे.

त्या मुलीला मी "उद्या" म्हणालो होतो. उत्तर द्यायला उशीर झाला. ती कुठे ऐकत असेल, तर आजचे हे बोलणे तिच्यासाठी होते.